पश्चिमेची भिंत

सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या ज्या कंपनीत सुलेखा टिकेकर काम करायची, तिथं तिच्या शब्दाला मान होता. उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती तपासायच्या, कुठं तडा गेलाय, कुठली टाइल पोकळ वाजते, पाणी कुठून झिरपतंय ते सांगायचं, हे तिचं काम. पंचवीस वर्षं ती हेच करत आली होती. हाताखालची मुलं ड्रोन उडवून फोटो आणायची आणि सुलेखा चष्मा कपाळावर चढवून त्यातल्या एखाद्या डागावर बोट ठेवायची. "इथं उघडून बघा." बहुतेक वेळा दुखणं तिथंच सापडायचं.

अशा बाईनं एका भिंतीबद्दल अठ्ठावीस वर्षं तोंड मिटून घेतलं होतं, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. तिचा नवरा मनोहर बँकेत होता, संसाराची बारीकसारीक गोष्ट त्याला ठाऊक असायची, पण हे त्यालाही माहीत नव्हतं.

मार्चमधल्या एका सोमवारी ऑफिसात मेल आला. पाठवणारीचं नाव जेनेट. तिनं लिहिलं होतं, "यॉर्कशरच्या डोंगरातलं आमचं घर तुम्ही १९९६ साली मोजलं होतं. माझे वडील, मिस्टर ॲल्डरसन, २०१७ साली गेले. या फेब्रुवारीत घराची पश्चिमेची भिंत पडली. कुणाला लागलं नाही. ती पुन्हा उभारायची आहे, आणि तिचा एकेक दगड दाखवणारी मूळ चित्रं फक्त तुमच्याकडं असतील. मी एप्रिलमध्ये मुलीकडं ऑकलंडला चाललेय. सिंगापूरला विमान बदलायला दहा तास आहेत. भेटता येईल का? बाबा तुमच्याबद्दल फार आपुलकीनं बोलायचे."

सुलेखानं मेल दोनदा वाचला. मग उठून पाणी प्यायली, जागेवर येऊन बसली आणि उत्तर लिहिलं. चित्रं मी जपून ठेवली आहेत, घरीच जेवायला या.

ते घर तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. पुण्याहून आर्किटेक्ट होऊन जुन्या इमारतींच्या जतनाचा वर्षभराचा कोर्स करायला ती इंग्लंडला गेली, आणि कोर्स संपल्यावर तिथल्याच एका लहानशा ऑफिसात तिला आठ महिन्यांचं काम मिळालं. ॲल्डरसनांचं घर हे तिचं पहिलं स्वतंत्र काम. ऑफिसचे मालक आजारी होते, म्हणून ते एकटीच्या अंगावर पडलं आणि त्याचा तिला आनंदच झाला.

घर डोंगराच्या उतारावर आडवं पसरलेलं होतं. एकाच लांबलचक छपराखाली एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गोठा. भिंती दोन हात जाड. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, आणि मधल्या पोकळीत डबर आणि माती. हे दोन थर एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून ठरावीक उंचीवर आरपार लांब दगड घातलेले. त्यांची टोकं भिंतीबाहेर वीतभर डोकावायची आणि त्यांवर चिमण्या बसायच्या. छपरालाही दगडाचीच कौलं होती. वळचणीला दोन माणसांनाही न उचलणारी मोठी, आणि वर आढ्याकडं जाताना लहान लहान होत गेलेली. दारावरच्या दगडात १६८४ हे साल आणि नवराबायकोच्या नावांची आद्याक्षरं कोरलेली होती.

"म्हणजे आमच्याकडं संभाजी महाराज गादीवर होते तेव्हा," ती एकदा बोलून गेली. ॲल्डरसनांनी ते कोण हे विचारून घेतलं आणि सगळी हकीकत चहा गार होईपर्यंत ऐकली. बासष्ट वर्षांचा उंच, कमी बोलणारा माणूस. ते तिला 'लास' म्हणायचे. त्यांच्याकडं पोरीबाळींना तसंच म्हणतात.

तीन महिने ती त्या घरात होती. टेप आणि ओळंबा घेऊन तिनं घर इंचाइंचानं मोजलं. पश्चिमेच्या भिंतीला परांची बांधून एकेक दगड कागदावर उतरवला आणि त्याला नंबर दिला. या भिंतीवर पावसाचा मारा सगळ्यात जास्त. वर निमुळत्या होत गेलेल्या त्या भिंतीत घुबडाला आत यायला ठेवलेलं एक भोक होतं आणि त्याखाली मध्ये दगडी दांडा असलेली जोडखिडकी. भिंत उभी होती, फक्त दगडांमधल्या दरजा झिजून रिकाम्या झाल्या होत्या. त्या पुन्हा भरायच्या होत्या. एवढंच काम.

त्या भरायच्या कशानं, हे तिला कोर्सच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. चुन्यानं. चुना मऊ असतो. जाड दगडी भिंतीत पाणी शिरतंच, आणि ते चुन्याच्या दरजांमधून बाहेर येऊन वाऱ्यावर वाळतं. चुना स्वतः झिजतो आणि दगडाला राखतो. सिमेंट कडक असतं. ते लावलं की आत गेलेलं पाणी आतच कोंडतं, मधली माती धुऊन नेतं, थंडीत गोठून फुगतं, आणि एक दिवस बाहेरचा थर सुटतो. तिनं कामाच्या कागदात चुनाच लिहिला होता.

पण परवानग्या येता येता ऑक्टोबर उजाडला. चुन्याला गोठवणारी थंडी चालत नाही. शिवाय चुन्याचं काम जाणणारा म्हातारा गवंडी एप्रिलशिवाय मोकळा होणार नव्हता. आणि सुलेखाचं नोव्हेंबरच्या शेवटी पुण्याचं तिकीट होतं, डिसेंबरात लग्न. कंत्राटदार म्हणाला, "सिमेंट घेतलं तर नऊ दिवसांत उरकतो."

तिनं ही गोष्ट ॲल्डरसनांना सांगितली. ते भिंतीकडं पाहत म्हणाले, "उन्हाळ्यात तू चुना म्हणाली होतीस, लास."

"हो. पण सिमेंट जास्त मजबूत असतं."

"तीनशे वर्षं थांबलीय ती भिंत. वर ताडपत्री टाकतो. वसंतापर्यंत थांबेल की."

त्या क्षणी तिनं नुसतं 'बरं' म्हटलं असतं तर पुरे होतं. पण मग भिंत पुरी झालेली तिला पाहता आली नसती. मुलाखतींना न्यायच्या फाइलमध्ये झालेल्या कामाचा फोटो लागला नसता. ती म्हणाली, "थांबायची गरज नाही. काळजी करू नका."

"तू म्हणतेस तर ठीक आहे," ते म्हणाले. "तुला जास्त कळतं."

तिनं कागदावरची एक ओळ खोडून दुसरी लिहिली आणि खाली सही केली. नऊ दिवसांत काम झालं. फोटो सुरेख आला. पुढं त्याच फोटोनं तिला सिंगापूरची नोकरी मिळवून दिली.

सात वर्षांनी, २००३ साली, ॲल्डरसनांचं पत्र आलं. तिचा मुलगा अंकुर तेव्हा दोन वर्षांचा होता आणि गोवरानं फणफणला होता. त्याला मांडीवर घेऊन तिनं पाकीट फोडलं. वळणदार अक्षरात चार ओळी आणि एक फोटो. पश्चिमेच्या झोपायच्या खोलीत ओल आलीय, गिलावा पडतोय, काय करावं? फोटोतला डाग पाहताच तिला सगळं कळलं. तेव्हा सांगितलं असतं तर सिमेंट खरवडून चुना भरता आला असता, भिंत वाचली असती. पण तसं लिहायचं म्हणजे हे माझ्यामुळं झालं असंही लिहायला हवं होतं. तिनं लिहिलं, "छपराची पन्हळ आणि खाली येणारा पाइप तपासा. तिथं पाला अडकला की अशी ओल येते."

त्यानंतर दर नाताळला त्यांचं कार्ड यायचं. शुभेच्छांच्या खाली न चुकता एक ओळ असायची. 'पन्हळ साफ आहे.' तेरा वर्षं तेरा कार्डं आली. मग येईनाशी झाली.

एप्रिलमधल्या त्या शनिवारी जेनेट साडेअकराला आली. बासष्टीची, वडिलांसारखीच उंच, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. विमानतळावरून एमआरटी रेल्वेनं येऊन स्टेशनापासून चालताना घामाघूम झाली होती. मनोहरनं तिला पंख्याखाली बसवलं, लिंबाचं सरबत दिलं, हवापाण्याचं बोलला. दोघींना मोकळं बोलता यावं म्हणून जेवणं झाल्यावर तो वुडलँड्सला मित्राकडं निघून गेला. वरणभात जेनेटला आवडला. "दोनदा वाढून घेतलं, बाबांना खोटं वाटलं असतं," ती म्हणाली.

टेबल आवरून सुलेखानं चित्रांची गुंडाळी उलगडली. जेनेटनं दोन्ही हातांनी कडा दाबून धरल्या आणि बराच वेळ ती नुसती पाहत राहिली. घुबडाचं भोक, जोडखिडकी, आरपार दगडांची टोकं, प्रत्येकावर बारीक अक्षरात नंबर.

"पडलेले दगड आम्ही अंगणात मांडून ठेवलेत," ती म्हणाली. "कुठला कुठं बसायचा ते आता कळेल. तुमचे आभार कसे मानू? डेव्हिड, माझा भाऊ, म्हणत होता की त्या मुलीनं हे केलं नसतं तर आपल्याला नुसता ढिगारा उरला असता."

सुलेखा म्हणाली, "आभार मानू नका."

"का नको?" जेनेट हसली. मग तिनं फोन काढून फोटो दाखवले. भिंतीचा बाहेरचा थर चादर सरकावी तसा खाली आला होता. मधली माती वाहून गेली होती, आतला थर उघडा पडला होता. काही दगडांच्या कडांना करड्या सिमेंटच्या पट्ट्या तशाच घट्ट चिकटून होत्या. सुलेखानं फोटो मोठा करून पाहिला. ऑफिसात असती तर एका वाक्यात कारण सांगून मोकळी झाली असती.

"पन्हळीमुळं झालं सगळं," जेनेट म्हणाली. "बाबांनी जन्मभर ती साफ ठेवली. महिन्यातून दोनदा शिडी लावून चढायचे, ऐंशी उलटल्यावरसुद्धा. आई खाली उभी राहून ओरडायची. शेवटची दोन वर्षं दोघांत दुसरं भांडणच नव्हतं. नंतर कंबर गेली आणि एक हिवाळा त्यांना चढता आलं नाही. हॉस्पिटलमध्ये मला म्हणाले, तो एक हिवाळा माझ्याकडून राहिला, भिंतीला तेच बाधलं. तेव्हाच भिंतीला पोट आलं होतं ना, बाहेर फुगली होती."

सुलेखाचे हात टेबलावर होते, ते तिनं मांडीवर घेतले.

"आता डेव्हिड म्हणतोय, पश्चिम उभारतोच आहोत तर समोरच्या भिंतीच्या दरजाही भरून घेऊ," जेनेट पुढं म्हणाली. "बाबांच्या आर्किटेक्टनं केलं तसंच, चांगलं सिमेंट घालून. पुढच्या महिन्यात माणसं येणार आहेत."

समोरची भिंत. दारावरचा सालाचा दगड, सात खिडक्या, सगळा दर्शनी भाग. सुलेखाला वाटलं, अजून वाट आहे. सिमेंट नको, हल्ली चुना चांगला समजतात, एवढं सांगितलं की पुरे. भिंत वाचेल, आणि बाकीचं जिथं आहे तिथं राहील. ती तसंच म्हणाली, "सिमेंट घालू नका. चुना वापरा."

"पण बाबा तर सांगायचे, तुम्हीच सिमेंट सुचवलं होतं. मजबूत म्हणून."

"हो."

"मग आता नको का?"

खालच्या मैदानात कुणीतरी बास्केटबॉल आपटत होतं. मग तिनं सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरुवात केल्यावर काही राखून ठेवलं नाही. चुना का, सिमेंट का नाही, हे तिला तेव्हाही माहीत होतं. वसंतापर्यंत थांबतो असं वडील स्वतः म्हणाले होते. लग्नाचं तिकीट होतं, फोटो हवा होता. पन्हळीचा आणि ओलीचा संबंध नव्हता. असला तरी थोडाच.

जेनेट ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात मुलानं दिलेलं उत्तर नीट कळलं नाही तर बाई जशा पाहतात तशी ती पाहत होती.

"बाबांनी पत्र लिहिलं होतं तुम्हाला. फोटो पाठवला होता. तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

"हो. पाहताक्षणी."

"मग पन्हळ का सांगितलीत?"

"पन्हळ तपासणं कधीच चुकीचं नसतं," सुलेखा म्हणाली. "म्हणून सांगितली. त्यात मी खोटी पडणार नव्हते."

जेनेटनं चित्राच्या कडेवरचे हात काढले. कागद आपोआप गुंडाळला गेला.

"ते शिडीवर चढायचे," ती म्हणाली. "बर्फातसुद्धा चढायचे."

"मला माहीत आहे. दरवर्षी कार्डावर लिहायचे."

"आणि तुम्ही दरवर्षी उलट शुभेच्छा पाठवायचात."

"हो."

जेनेट उठून बाल्कनीत गेली. वाळत घातलेल्या कपड्यांपाशी पाठमोरी उभी राहिली. सुलेखानं कागद घेतला आणि डेव्हिडसाठी सगळं क्रमानं लिहून काढलं. उरलेलं सिमेंट मशीन न लावता हातानं कसं काढायचं, कुठल्या जातीचा चुना, वाळू किती जाड, दरज दगडापेक्षा किंचित आत ठेवायची, ओली पोती किती दिवस टाकायची, आणि ऑगस्टनंतर कामाला हात लावायचा नाही. लिहिताना ती कुठंच अडली नाही, आणि याचीच तिला लाज वाटली.

जेनेट आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिनं कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, चित्रांची गुंडाळी काखेत घेतली. निघायला तिला अजून चार तास होते, तरी ती म्हणाली, "मी विमानतळावरच बसते."

लिफ्टपाशी सुलेखा म्हणाली, "मी फार उशिरा सांगितलं."

"हो," जेनेट म्हणाली. "काही हरकत नाही असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला ते म्हणता येत नाही." लिफ्ट आली. दार मिटता मिटता तिनं जेवणाबद्दल मात्र आभार मानले.

संध्याकाळी मनोहर परत आला तेव्हा सुलेखा तिथंच टेबलाशी बसली होती. तिनं त्यालाही सगळं सांगितलं. तो शेजारी बसून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "सत्तावीस वर्षांची होतीस गं तू."

"पत्र आलं तेव्हा चौतीसची होते. शेवटचं कार्ड आलं तेव्हा सत्तेचाळीसची."

त्यानं उठून कुकर लावला.

मे महिन्यात डेव्हिडचा मेल आला. तीन ओळींचा. दोन्ही भिंतींसाठी चुन्याचं काम जाणणारी गवंडीण मिळाली आहे, ती विचारते आहे की आरपार दगडांपैकी दोन तुटलेत, तर नवे घडवावेत की जुने सांधावेत. सुलेखानं त्याच दिवशी उत्तर पाठवलं. नवे घडवा, त्याच खाणीचा दगड मिळाला तर बघा. लागलं तर मी स्वखुशीनं येऊन उभी राहते, असंही लिहिलं. डेव्हिडनं दगडांबद्दल आभार मानले. येण्याबद्दल काही लिहिलं नाही.

जूनमध्ये जेनेटचा मेल आला. ती ऑकलंडहून घरी पोचली होती. "आईला सांगावं की नाही यावर आमचं दोघांचं बरंच बोलणं झालं," तिनं लिहिलं होतं. "ती सत्त्याऐंशीची आहे, पण तिला सगळं नीट कळतं. सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे मी त्याला उगाचच बोलत राहिले. दुसरं काही म्हणाली नाही. तुम्हाला हे कळायला हवं असं मला वाटलं."

ऑफिसात मेल वाचून सुलेखानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरी येऊन तिनं मिसेस ॲल्डरसनना हातानं पत्र लिहिलं. तीन वेळा लिहून तिन्ही वेळा फाडलं, कारण प्रत्येक वेळी त्यात कुठंतरी तिच्या लग्नाची, आजारी मालकांची, थंडीची गोष्ट येत होती. चौथ्या पत्रात तिनं एवढंच लिहिलं की भिंत मी बिघडवली, तुमच्या यजमानांनी नाही. ते थांबायला तयार होते, मी थांबले नाही. ते विचारत होते तेव्हा मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही. तुम्ही त्यांच्या काळजीनं बोलत होता. ते पत्र तिनं पोस्टात टाकलं.

त्याला उत्तर आलं नाही. सुलेखा जुलैभर वाट पाहत होती, मग उत्तर यावं अशी अपेक्षा धरणंही बरं नव्हे असं वाटून तिनं ती सोडली.

सप्टेंबरात डेव्हिडनं फोटो पाठवला. पश्चिमेची भिंत उभी राहिली होती, घुबडाचं भोक आणि जोडखिडकी जिथल्या तिथं. दोन नवे आरपार दगड बाकीच्यांहून फिकट दिसत होते. दरजा दगडांच्या किंचित आत होत्या, रंग सायीसारखा. सुलेखानं चष्मा वर चढवून फोटो कोपऱ्याकोपऱ्यानं पाहिला. कामात कुठं खोट काढायला जागा नव्हती. आतल्या खोलीची ओल मात्र एक-दोन वर्षं हळूहळूच वाळेल, असं तिनं डेव्हिडला कळवलं. गिलाव्याची घाई करू नका, भिंत कोरडी होईपर्यंत थांबा, असंही लिहिलं.

'थांबा' हा शब्द लिहून झाल्यावर ती बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिली, आणि मग तिनं मेल पाठवून दिला.